हे पाणी कुणाचं?

टेबलावर खाकी कागदाचं पुडकं होतं. त्यावर सुतळी, सुतळीच्या गाठींवर लाखेची सीलं. पुडकं घेऊन आलेले हवालदार बाहेर बाकावर बसून दर दहा मिनिटांनी दारातून डोकावत होते. "मॅडम, आजच निघंल का ओ रिपोर्ट? साहेब विचारायलेत." मी मान हलवली. ती मान 'हो' होती की 'नाही', हे मलाही ठाऊक नव्हतं. एखादं प्रकरण सुरुवातीपासून एकटीने हाताळायची माझी ती पहिलीच वेळ होती.

सोलापुरातल्या न्यायसहायक प्रयोगशाळेत रुजू होऊन मला तेव्हा चार महिने झाले होते. केस नंबर, गाव, पोलीस ठाणं यांतलं काही इथे लिहीत नाही, लिहायची परवानगीही नाही. पुडक्यासोबतच्या पत्रात एवढंच होतं: ताडीच्या दुकानामागच्या खोलीतून जप्त केलेली पांढऱ्या खड्यांची प्लास्टिकची पिशवी, पदार्थ कोणता ते ओळखून अहवाल द्यावा. सोलापुरात राहणाऱ्याला यापुढचं सांगावं लागत नाही. झाडावरून उतरते त्यापेक्षा कितीतरी जास्त ताडी गावात खपते. मधली तूट कशाने भरून निघते, हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या पूर्व भागात तर लहानपणीच कळतं. संध्याकाळी कारखाना सुटल्यावर सरळ घरी येणारी माणसं आणि भिंतीला धरून येणारी माणसं, असे दोन प्रकार आम्ही अंगणात खेळता खेळता ओळखायचो.

पण माहीत असणं वेगळं आणि कागदावर लिहून सही करणं वेगळं. त्या दोन्हींच्या मधे आमचं खातं येतं.

आधी सील बघायचं. पत्रावर नमुना सीलचा ठसा असतो, पुडक्यावरच्या लाखेचा ठसा त्याच्याशी जुळतो का, पंचांच्या सह्यांचं लेबल फाटलेलं नाही ना, लेबलावरचं वर्णन पत्रातल्या वर्णनाशी बसतं का. मग वजन, रंग, रूप, पिशवीसकट आणि पिशवीविना. हे सगळं वर्कशीटवर उतरवण्यात माझा पाऊण तास गेला. खडे पारदर्शक, मिठाच्या जाड खड्यांसारखे, आणि पिशवी उघडताच उग्र वास. नाकाजवळ न्यायचं नाही, हा नियम. पण हा वासच असा की तोच तुमच्या नाकाकडे येतो.

त्यानंतर रंगचाचणी. क्लोरल हायड्रेटचा, म्हणजे ताडीत मिसळतात त्या गुंगीच्या पदार्थाचा, संशय असला की फुजिवारा चाचणी करतात. नमुना, कॉस्टिक सोडा आणि पिरिडीन एकत्र करून गरम पाण्यात नळी धरायची. वरच्या पिरिडीनच्या थराला गुलाबी-लाल रंग चढला तर संशय बळावतो. माझ्या नळीत लगेच चढला. पिरिडीनचा वास मेलेल्या माशासारखा असतो आणि तो केसांत बसतो. त्या दिवशी घरी गेल्यावर आईने मला अंगणातच थांबवलं होतं.

मी आनंदाने सरांकडे गेले. "सर, पॉझिटिव्ह."

सरांनी मान वर न करता विचारलं, "कशाला पॉझिटिव्ह?"

"क्लोरल हायड्रेटला."

"क्लोरोफॉर्म घातलं असतंस तरी हाच रंग आला असता. पदार्थाने आपलं नाव अजून सांगितलेलं नाही, नुसतं आडनाव सांगितलंय. जा, आयआर काढ."

आयआर म्हणजे इन्फ्रारेड, अवरक्त वर्णपटाची चाचणी. एमएस्सीला असताना माझ्यासाठी ती पाठ करायची एक सारणी होती: १७०० च्या आसपास कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध), ३३०० ला ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन), २२४० ला नायट्राइल (कार्बन-नायट्रोजनचा तिहेरी बंध). यंत्र प्रत्यक्ष बघितलं ते एका प्रॅक्टिकलला, तेही चौदा जणांच्या घोळक्यात तिसऱ्या रांगेतून. यंत्र आतून काय करतं, हे मला पुस्तकातून कधी कळलंच नाही. ते कळलं ते आमच्या नायनांमुळे. (घरात आम्ही तेलुगू बोलतो, वडिलांना नायना म्हणतो. शाळा मराठी, नोकरी मराठी, स्वप्नं दोन्हींत.)

नायना यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करणारा तो जॉबर. शेडमध्ये सोळा माग एकदम चालू असले की बाहेरच्याला नुसता खडखडाट ऐकू येतो, शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. नायना मात्र दारात चप्पल काढतानाच म्हणायचे, "सातव्याचा पिकर गेलाय बघ." जाऊन बघावं तर खरंच सातव्याचा पिकर गेलेला. सोळा आवाजांचा एकच गलका कानात शिरायचा आणि आत कुठेतरी तो सुटा व्हायचा.

आमचं एफटीआयआर हेच करतं. तापलेल्या सळईतून अवरक्त प्रकाश निघतो, त्याच्या दोन वाटा होतात. एका वाटेवरचा आरसा स्थिर, दुसऱ्या वाटेवरचा पुढे-मागे सरकणारा. दोन्ही वाटांचा प्रकाश परत एकत्र येतो, नमुन्यातून जातो, आणि डिटेक्टरला ऐकू येतो सगळ्या तरंगांचा मिळून एक गलका. हा गलका सुटा करण्याचं गणित म्हणजे फूरिये रूपांतर, त्यावरूनच नावात 'एफटी'. आरसा नेमका किती सरकला, हे मोजायला आत लाल लेझर बसवलेला असतो. रेणूतला प्रत्येक बंध स्प्रिंगसारखा आपापल्या तालात थरथरत असतो, आणि आपल्या तालाचा प्रकाश आला की तेवढा गिळून टाकतो. हलका हायड्रोजन भराभर थरथरतो, म्हणून त्याची जागा ३००० च्या आसपास आणि वर. क्लोरीन जड, म्हणून कार्बन-क्लोरीनचा ताल मंद, साधारण ८०० च्या खाली. हे आकडे तरंगसंख्येचे, म्हणजे एका सेंटिमीटरात किती तरंग बसतात त्याचे. आम्ही ४००० पासून ४०० पर्यंतचा पट्टा बघतो. प्रकाश जिथे गिळला जातो तिथे आलेख खाली कोसळतो. गंमत म्हणजे या खड्ड्यांनाच आम्ही 'पीक' म्हणतो. एकदा मी सरांना "पीक चांगलं आलंय" म्हणाले ते बाहेरच्या बाकावर ऐकू गेलं, तर हवालदारांनी विचारलं, "कुठली जमीन ओ मॅडम तुमची? बार्शीकडची का?"

तर त्या दिवशी मी पोटॅशियम ब्रोमाइडची पेलेट करायला घेतली. केबीआर हे मीठच, पण आमच्या पट्ट्यात अवरक्त प्रकाशाला पारदर्शक. अगेटच्या छोट्या खलात दीडशे-दोनशे मिलिग्रॅम केबीआर आणि त्यात एखादा मिलिग्रॅम नमुना घालून घोटायचं, साच्यात भरायचं आणि हायड्रॉलिक प्रेसखाली आठ-दहा टनांचा दाब द्यायचा. नीट जमलं तर तेरा मिलिमीटरची काचेसारखी चकती निघते. माझी निघाली ती गढूळ, कडेला तडा गेलेली. चालून जाईल म्हणून तशीच यंत्रात ठेवली.

आलेख आला. ३४०० च्या आसपास रुंद, लोंबता खड्डा: ओएच. १६४० च्या आसपास आणखी एक, ठसठशीत. खाली ८०० च्या आसपास क्लोरीनवाल्यांची गर्दी. पण मी शोधत होते १७०० आणि १७६० च्या मधे. क्लोरल म्हणजे ट्रायक्लोरोॲसिटाल्डिहाइड. अल्डिहाइड म्हटलं की कार्बोनिल, आणि कार्बोनिल म्हणजे आयआरमधलं सगळ्यात जोरकस पीक. ते कुठेच नव्हतं. मी आलेख मोठा करून बघितला, पुन्हा काढून बघितला. शेवटी १६४० चं पीक हेच कार्बोनिल असणार, काहीतरी कारणाने खाली सरकलं असणार, अशी मनाची समजूत घातली आणि प्रिंटवर पेन्सिलीने 'सी=ओ' लिहून सरांकडे नेलं.

सरांनी ३४०० च्या खड्ड्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"ओएच, सर."

"हे पाणी कुणाचं? नमुन्याचं, की तुझं?"

मला प्रश्नच कळला नाही.

"केबीआर कुठून घेतलंस?"

डेसिकेटरमधून, म्हणजे वस्तू कोरड्या ठेवायच्या झाकणाच्या भांड्यातून. त्या डेसिकेटरमधली सिलिका कधीची गुलाबी पडली होती. निळी असते तेव्हा कोरडी, गुलाबी झाली की पाणी पिऊन तट्ट फुगलेली. मग तिला ओव्हनमध्ये तापवून परत निळी करायची असते, आणि ते काम चार महिन्यांपासून माझ्याकडेच होतं. सोलापूरचा पाऊस म्हणजे नावाला पाऊस, हवा कुठली दमट होतेय, या भरवशावर मी राहिले होते. केबीआरला मात्र पर्जन्यछायेचा प्रदेश वगैरे काही कळत नाही, ते हवेतलं मिळेल तेवढं पाणी ओढून घेतं. पाण्याच्या रेणूचा एक खड्डा ३४०० च्या आसपास येतो आणि दुसरा, दोन्ही हायड्रोजन कात्रीसारखे हलतात त्याचा, बरोबर १६४० च्या आसपास. मी ज्याला कार्बोनिल म्हणत होते ते माझ्या आळसाचं पाणी होतं.

मी प्रिंट चुरगळायला गेले तसा सरांनी हात धरला. "फाडायचं नाही. तिरकी रेघ मार, 'केबीआर दमट, ग्राह्य नाही' असं लिही, तारीख घाल, सही कर आणि वर्कशीटला लाव." चूक फाइलीला लावून ठेवायची हे मला फार लागलं. शाळेत चुकलेलं पान फाडायची सवय.

दुपारी एटीआरवर, म्हणजे आयआर काढायच्या दुसऱ्या पद्धतीवर, बसले. यात चकती नाही की खल नाही. बारीकसा हिरा बसवलेला असतो, त्यावर चिमूटभर नमुना ठेवून वरून दांड्याने दाबायचं. प्रकाश हिऱ्याच्या आतून परावर्तित होताना नमुन्यात जेमतेम एखाद-दोन मायक्रॉन शिरतो आणि परततो. पण आधी पार्श्वभूमी, म्हणजे बॅकग्राउंड. नमुना ठेवण्याआधी रिकाम्या हिऱ्याचा वर्णपट घ्यायचा, तो यंत्र पुढच्या वर्णपटातून वजा करतं. खोलीतली वाफ, कार्बन डायऑक्साइड, हिऱ्याचे स्वतःचे गुण, सगळं वजा. हे ऐकायला सोपं आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी बॅकग्राउंड घेऊन मग नमुन्यावर वाकून दोन मिनिटं चिमट्याशी झटत बसायचे, आणि मग प्रत्येक आलेखात २३५० जवळ दोन शिंगं उगवायची. आठवडाभर मी ती शिंगं नमुन्यांच्या नावावर लिहीत होते. ती माझ्या श्वासाची होती.

त्या दुपारी श्वास बाजूला सोडत, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हिरा पुसून, तो वाळल्यावर बॅकग्राउंड घेतलं. त्याआधी पॉलिस्टायरीनची फिल्म लावून यंत्र १६०१ चं पीक १६०१ लाच दाखवतंय ना, ते बघितलं. मग खडा चुरून ठेवला, दाबला, बत्तीस स्कॅन लावले. स्कॅन चौपट केले की आलेखातली खरखर निम्मी होते, बत्तिसात आमचं भागतं.

पडद्यावर आलेख उमटला. ३४०० च्या आसपासचा रुंद खड्डा तसाच होता, १६४० चा मात्र गायब. तिथे सरळ, सपाट रेघ.

मी कितीतरी वेळ त्या सपाट रेघेकडे बघत बसले. बाहेरून आलेलं पाणी असतं तर १६४० असायलाच हवं होतं. ते नाही, तरी ओएच आहे, म्हणजे हे ओएच पदार्थाचं स्वतःचं आहे. आणि १७०० च्या वर कार्बोनिल नाही, कारण या रेणूत कार्बोनिल शिल्लकच नाही! मोरचुदातलं पाणी पाहुण्यासारखं असतं, तापवलं की उठून जातं. क्लोरल हायड्रेटमध्ये पाणी लग्न करून घरात आलेलं आहे. कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध मोडून त्याच कार्बनवर दोन ओएच बसतात. नाव राहिलं अल्डिहाइडच्या माहेरचं, रूप मात्र डायोलचं. हे मी एमएस्सीला वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही घेतले होते. लीबिखने १८३२ साली हा पदार्थ पहिल्यांदा तयार केला, १८६९ पासून झोपेचं औषध म्हणून वापरात आला, इथपर्यंत पाठ होतं. पण समोर आला तेव्हा ओळखला नाही. मी पुस्तकातलं पीक शोधत होते आणि पदार्थ त्या पिकाच्या नसण्यातून बोलत होता.

लायब्ररीत, म्हणजे यंत्रासोबतच्या ओळखीच्या वर्णपटांच्या संग्रहात, शोध लावला. पहिलं नाव क्लोरल हायड्रेट, जुळणी ९४. तेवढ्यावर सरांचं समाधान होणार नव्हतं. मानक नमुन्याची बाटली काढून, त्याच हिऱ्यावर, त्याच दाबात, त्याच दिवशी त्याचाही वर्णपट घेतला आणि दोन्ही एकावर एक ठेवले. ते महत्त्वाचं, कारण केबीआर आणि एटीआरचे आलेख एकाच पदार्थाचे असले तरी पिकांची उंची वेगवेगळी येते. एटीआरमध्ये खालच्या तरंगसंख्येची पिकं फुगतात. पेलेटचा आलेख एटीआरच्या लायब्ररीशी जुळवायला गेलात तर खरा पदार्थही ओळख देत नाही.

दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, खालच्या भागातली, १५०० पासून खालची, एकेक पीक बोटाने मोजली (या भागाला बोटांच्या ठशांवरून फिंगरप्रिंट म्हणतात) आणि म्हणाले, "आता आलं नाव."

हवालदार तोपर्यंत निघून गेले होते. त्यांना तसंही काही सांगता आलं नसतं. आमच्याकडे 'काय निघालं' याचं उत्तर तोंडी देत नाहीत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आयआर म्हणजे जादू असं वाटेल. त्याच प्रकरणात ताडीच्या बाटल्याही होत्या. ताडी बहुतेक पाणीच. तिचा थेंब हिऱ्यावर ठेवलात तर आलेखात पाण्याशिवाय काही दिसत नाही, बाकी सगळं त्याखाली बुडून जातं. तिथे ईथरने काढून घ्यावं लागतं, तेही न तापवता, कारण क्लोरल हायड्रेट ५७ अंशांच्या आसपास वितळतं आणि उघडं राहिलं तर हळूहळू हवेत उडून जातं. सोलापूरच्या मे महिन्यात तर टेबलावर ठेवलेल्या मेणबत्त्याही वाकतात. काही ताड्यांत अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम ही गुंगीची औषधं निघतात, मग प्रकरण थेट अमली पदार्थांच्या, १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात जातं. पण अल्प्राझोलामच्या गोळीत औषध अर्धा मिलिग्रॅम आणि बाकी सगळं लॅक्टोज-स्टार्च. गोळी चुरून सरळ आयआर काढला तर यंत्र प्रामाणिकपणे सांगतं, "ही साखर आहे." तिथे वेगळी यंत्रं लागतात.

दुसरी आठवण धाग्यांची, आणि ती मला जास्त जवळची. महामार्गावर रात्री एका पादचाऱ्याला धडक देऊन वाहन पळून गेलं होतं. संशयित टेम्पोच्या बंपरच्या फटीतून चिमट्याने काढलेले तीन तंतू, आणि मयताच्या अंगावरची चादर, असा मुद्देमाल आला. चादरीवर 'सोलापुरी' असं छापील लेबल होतं.

सरांनी मला पहिल्यांदा विचारलं, "तू राहतेस कुठे?" मग माझ्या सुती ओढणीकडे बघून म्हणाले, "हे प्रकरण संपेपर्यंत ही ओढणी बाहेर." मला राग आला. त्यांनी काही न बोलता एका काचपट्टीवर चिकटपट्टी उलटी लावून माझ्या टेबलावर तासभर उघडी ठेवली. तासाने सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर तिच्यावर चार तंतू होते. चारही सुती, पिळदार, चपटे. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना शेड आहेत. तूस हवेत तरंगत असतं, भांड्यावर बसतं, केसांत बसतं, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतं. मी रोज सकाळी माझ्यासोबत अख्खी गल्ली प्रयोगशाळेत घेऊन येत होते. ती काचपट्टीही वर्कशीटला लागली.

बंपरवरच्या तिनांतले दोन तंतू सूक्ष्मदर्शकाखाली कापूस आणि आयआरमध्ये सेल्युलोज निघाले. ३३०० चा रुंद खड्डा, हजाराच्या थोडं वर खोल दरी. सोलापुरातल्या टेम्पोवर सुती धागा सापडणं म्हणजे पंढरपुरातल्या माणसाच्या कपाळाला बुक्का सापडणं. त्यावरून काही ठरत नाही. तिसरा तंतू हिरवा, गुळगुळीत. त्याने २२४० ला बारीक, टोकदार पीक दिलं. हिऱ्याचा स्वतःचा गोंधळ नेमका त्याच भागात असतो, त्यामुळे बॅकग्राउंड दोनदा घ्यावं लागलं, पण पीक खरंच होतं. नायट्राइल, म्हणजे ॲक्रिलिक. सोबत १७३० च्या आसपास एस्टरचं पीक, म्हणजे ॲक्रिलिकमध्ये मिसळलेला दुसरा घटकही दिसत होता. चादर उलगडून पाहिली तर ताणा सुती आणि हिरव्या नक्षीचा बाणा ॲक्रिलिक. तिथेही तेच २२४०, तेच १७३०.

मी मसुद्यात लिहिलं, 'सदर तंतू याच चादरीचा आहे.' सरांनी 'याच चादरीचा' वर काट मारली आणि वर लिहिलं, 'याच प्रकारचा'. असं ॲक्रिलिक सूत एका चादरीपुरतं कातलेलं नसतं. रंगाची तुलना वेगळी करा, एवढं पत्रात सुचवलं आणि आमचं काम संपलं.

कोणत्या प्रकरणातली, कुणाची, हे न सांगता मी घरी फक्त चादरीबद्दल बोलले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ती सुती असते, आणि लेबल लावून विकली जाते भलतीच. नायनांना झोपच आली नाही. रात्री अकराला उठून विचारलं, "बाणा ॲक्रिलिक? आणि किनार? किनार कशी होती?" किनारीकडे मी बघितलंच नव्हतं.

ताडीच्या प्रकरणात सरांना साक्षीला बोलावणं आलं ते तीन वर्षांनी. एरवी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल साक्षीशिवायच पुराव्यात वाचला जातो. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं ३२९ आहे. पण न्यायालयाला वाटलं तर बोलावता येतं. सर मला फाइल सांभाळायला म्हणून सोबत घेऊन गेले.

आरोपीच्या वकिलांनी अभ्यास केला होता, हे मान्य करायला हवं. त्यांनी लायब्ररीच्या जुळणीचा कागद वर धरला.

"साहेब, इथे चौऱ्याण्णव लिहिलंय. म्हणजे यात सहा टक्के दुसरं काहीतरी आहे, बरोबर?"

"नाही. हा आकडा पदार्थाच्या शुद्धतेचा नाही. दोन आलेख एकमेकांसारखे किती दिसतात, त्याचा आहे."

"मग सहा कुठे गेले?"

"आमचं यंत्र आणि लायब्ररी बनवणाऱ्यांचं यंत्र वेगळं आहे. दाब वेगळा, पायारेघ थोडी कललेली. म्हणून आम्ही या आकड्यावर थांबत नाही. मागचं पान बघा, आमच्याच यंत्रावर, त्याच दिवशी घेतलेला मानक नमुन्याचा वर्णपट आहे."

'पायारेघ' या शब्दाशी टंकलेखक अडला. न्यायाधीशांनी विचारलं, सरांनी 'बेसलाइन' सांगितलं, तेच टाइप झालं.

वकिलांनी आणखी पानं उलटली आणि थांबले. माझ्या पोटात गोळा आला, कारण ते कुठलं पान आहे हे मला लांबूनच दिसत होतं. तिरकी रेघ, गढूळ पेलेटचा आलेख, आणि पेन्सिलीने लिहिलेलं माझं 'सी=ओ'.

"हा वर्णपट रद्द का केला? हवा तसा आला नाही म्हणून?"

सरांनी फाइल हातात घेतली आणि पानाखालच्या दोन ओळी जशाच्या तशा वाचून दाखवल्या: केबीआर दमट, ग्राह्य नाही, तारीख, सही. मग १६४० चं पीक पाण्याचं कसं, आणि पुढच्या आलेखात ते नसणं का महत्त्वाचं, हे अगदी चार वाक्यांत सांगितलं. न्यायाधीशांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून बघितली. वकिलांनी पुढचा प्रश्न सीलबद्दल विचारला.

निकाल काय लागला, मला माहीत नाही. आम्हाला कळवत नाहीत, आणि आम्ही विचारतही नाही. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "सी बरोबर ओ पेन्सिलीने का लिहिलंस? पेनाने लिहायचं असतं." मग आम्ही सात रस्त्याला चहा घेतला. प्रयोगशाळेत परतलो तर तेच हवालदार बाकावर बसलेले, मिशी पांढरी झालेली, मांडीवर नवं पुडकं.

"मॅडम, हे तेवढं लवकर बघा की ओ."

मी पत्रावरचा नमुना ठसा बघितला, पुडक्यावरची लाख बघितली. एका सीलचं अक्षर अर्धवट उमटलं होतं, वाचता येत नव्हतं. मी पुडकं परत त्यांच्या हातात दिलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग टोपी घालत म्हणाले, "परत चाळीस किलोमीटर जावं लागंल की ओ."

"उद्या या," मी म्हणाले. "सकाळी लवकर या, पहिलं तुमचंच घेते."